मायकल जॅक्सनचा खटला: ज्युरीने त्या डॉक्टरला 'अयोग्य नव्हता' कसं म्हटलं?

सायली_डोंबिवली

कायद्यातलं आणि डॉक्टरकीतलं कळणाऱ्यांनी कृपया वेळ काढून उत्तर द्या. माझा डान्सचा क्लास आहे. आमच्या ग्रुपवर परवा या विषयावरून इतकं वाजलं की दोन मुली ग्रुप सोडून गेल्या.

मायकल गेला २५ जून २००९ ला. त्याचा खासगी डॉक्टर कॉनरॅड मरी याला नोव्हेंबर २०११ मध्ये, हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. इथवर आमच्यात भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या खटल्यावरून. मायकलची आई कॅथरीन आणि त्याची तिन्ही मुलं यांच्या वतीने एईजी लाइव्ह या कंपनीवर दावा लावला गेला. लंडनच्या ओटू अरेनामधले मायकलचे पन्नास कार्यक्रम ही कंपनी भरवणार होती. म्हणणं असं की या डॉक्टरला तुम्ही नेमलंत आणि धड चौकशी न करता नेमलंत. जवळजवळ पाच महिने खटला चालला. २ ऑक्टोबर २०१३ ला ज्युरीने दोन उत्तरं दिली. एईजीने मरीला नेमलं का? हो. ज्या कामासाठी नेमलं, त्या कामाला तो अयोग्य किंवा अकार्यक्षम होता का? नाही. झालं, दावा तिथेच संपला. पुढच्या प्रश्नांपर्यंत कोणी गेलंच नाही.

मला हे आजतागायत पचलेलं नाही. त्याच शहरात एका ज्युरीने या माणसाला दोषी धरलेलं, तो तुरुंगात बसलेला, आणि दुसरी ज्युरी म्हणते कामाला अयोग्य नव्हता! त्यात भर म्हणून त्याच महिन्याच्या २८ तारखेला मरी सुटलासुद्धा. चार वर्षांची शिक्षा दोन वर्षांत आटोपली, कारण तुरुंगात गर्दी. त्या ऑक्टोबरात जगभरचे चाहते रडत होते, आणि त्यात मीही होते.

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मी मामाबरोबर गेले होते. शाळेत होते तेव्हा. इतके मागे उभे होतो की स्टेजवरचा माणूस करंगळीएवढा दिसत होता, तरी त्याचं खांदा वळवणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होतं. मी आज जे करते ते त्या रात्रीमुळे. म्हणून हा विषय माझ्यासाठी गॉसिप नाही.

मरीच्या खटल्यात त्याच्याच फोनमधलं एक रेकॉर्डिंग वाजवलं होतं, १० मे २००९ चं. मायकलची जीभ जड झालेली, शब्द एकमेकांवर घसरताहेत, आणि त्या अवस्थेत तो आजारी मुलांसाठी मोठं हॉस्पिटल बांधायचं बोलतोय. डॉक्टर समोर बसून ते रेकॉर्ड करतोय. पेशंटची ही अवस्था स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरही सहा आठवड्यांहून जास्त काळ औषधं चालूच राहिली.

आणि कंपनीला काही कल्पना नव्हती म्हणावं, तर ईमेल आहेत. एकात लिहिलंय की डॉक्टरला आठवण करून द्या, त्याचा पगार एईजी देतेय, मायकल नाही. दुसऱ्यात कंपनीचा वरचा अधिकारी लिहितो की हा डॉक्टर फार यशस्वी आहे, आम्ही सगळ्यांचीच चौकशी करतो, याला या कामाची गरज नाही म्हणून तो निःपक्षपाती आहे. प्रत्यक्षात मरी कर्जात बुडालेला, घर जप्त व्हायच्या बेतात, आणि महिना दीड लाख डॉलरचा करार समोर ठेवलेला. कसली चौकशी केली यांनी?

तर ज्युरीने असं का म्हटलं, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न डॉक्टर मंडळींना. आमच्या ग्रुपवरची काही मुलं म्हणतात, "औषध मायकलनेच मागितलं, डॉक्टर बिचारा काय करणार?" याला काय उत्तर द्यायचं?

भूलतज्ज्ञ_सांगली

सायलीताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मायकल ज्याने गेला ते भुलीचं औषध, प्रोपोफॉल, मी रोज वापरतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हे औषध दुधासारखं पांढरं असतं, कारण ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये कालवलेलं असतं. मायकलही त्याला दूधच म्हणायचा, असं मरीने पोलिसांना सांगितलं होतं. औषध फार चांगलं आहे. पेशंट अर्ध्या-एक मिनिटात झोपतो आणि थांबवलं की लवकर उठतो. वाईट गुण एकच: श्वास मंदावतो, कधी थांबतो. आणि याला उतारा नाही. दुसरं इंजेक्शन देऊन प्रोपोफॉलचा परिणाम मागे घेता येत नाही. तो ओसरेपर्यंत पेशंटचा श्वास आपण सांभाळायचा, एवढाच उपाय.

म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो. सिरिंजचा दट्ट्या दाबताना डोळे पेशंटच्या छातीवर असतात आणि कान मॉनिटरकडे. पल्स ऑक्सिमीटरचा टीं-टीं आवाज ऑक्सिजन उतरायला लागला की खालच्या सुरात जातो. आकडा वाचावा लागत नाही, तो सूर ऐकूनच हात पेशंटच्या हनुवटीकडे जातो. हनुवटी वर उचलली, जबडा पुढे ओढला की बहुतेक वेळा तेवढ्यानेच श्वास मोकळा होतो. नाही झाला तर मास्क आणि बॅग हाताशी असते, सक्शन चालू असतं. हे सगळं मिनिटांच्या हिशेबातलं काम आहे. त्या वेळी मी खोलीबाहेर जात नाही, फोन घेत नाही.

मरीकडे काय होतं? बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर, सुमारे २७५ डॉलरचा, धोक्याची सूचना आवाजाने न देणारा. ईसीजीचा मॉनिटर नाही, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र नाही, मदतीला प्रशिक्षित माणूस नाही. हे सगळं भाड्याच्या घरातल्या बेडरूममध्ये. मायकलला दोन महिन्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज रात्री प्रोपोफॉल देत होतो, हे त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलंय.

शेवटच्या रात्रीचा हिशेबही त्याच्याच तोंडचा. दीड वाजता व्हॅलियम, दोनला लोराझेपाम, तीनला मिडाझोलाम, पाचला पुन्हा लोराझेपाम, साडेसातला पुन्हा मिडाझोलाम, आणि सकाळी १०.४० ला २५ मिलिग्रॅम प्रोपोफॉल. पंचवीस मिलिग्रॅम तसं थोडं, पण गुंगीच्या औषधांचे आधीचे पाच डोस अंगात असताना ते थोडं राहत नाही. शिवाय फिर्यादी पक्षाचे तज्ज्ञ डॉ. स्टीव्हन शेफर यांच्या मते प्रत्यक्षात प्रोपोफॉल यापेक्षा पुष्कळ जास्त, ड्रिपमधून चालू होतं. मरीच्या वकिलांचं म्हणणं असं की मायकलने स्वतः टोचून घेतलं. यावर शेफर कोर्टात जे म्हणाले त्याचा आशय मला फार महत्त्वाचा वाटतो: कोणी टोचलं याने फरक पडत नाही, झोपेचं औषध दिलेल्या पेशंटला एकटं सोडणं हाच अपराध आहे.

१०.४० नंतरच्या तास-दीड तासात मरीचे फोन चालू होते, फोन कंपनीच्या नोंदी आहेत. आपत्कालीन सेवेला फोन गेला १२.२१ ला, तोही सुरक्षारक्षकाने केला. छाती दाबली ती मऊ गादीवर, एका हाताने. फ्लुमाझेनिल दिलं, जे लोराझेपामसारख्या औषधांवर उतारा आहे, प्रोपोफॉलवर चालत नाही. रुग्णवाहिकेतल्या लोकांना आणि हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना प्रोपोफॉलचं नावही सांगितलं नाही. माझ्या दृष्टीने हा यातला सगळ्यात काळा भाग. इतर चुकांना निदान अज्ञानाचं तरी नाव देता येईल.

आता "मायकलने मागितलं" याबद्दल. मागितलं हे खरंच आहे. एप्रिल २००९ मध्ये त्याने एका नर्सकडेही हेच औषध मागितलं, तिने धोका सांगून नकार दिला आणि पुढे कोर्टात तसं सांगितलंही. म्हणजे नकार देता येत होता. एईजीच्या खटल्यात त्याच्या घटस्फोटित पत्नीने साक्ष दिली की १९९७ मध्ये म्युनिकला दोन जर्मन भूलतज्ज्ञांनी त्याला हॉटेलात हेच दिलं होतं, पण ते सोबत सगळी यंत्रं घेऊन आले होते. तुम्ही अंधेरीला पाहिली तीच टूर ती. म्हणजे हा माणूस तेव्हापासून झोपेसाठी तळमळत होता. आणि गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगतो, प्रोपोफॉलची गुंगी म्हणजे झोप नव्हे. झोपेचे तज्ज्ञ डॉ. चार्ल्स झाइस्लर यांनी त्याच खटल्यात मत दिलं की मायकल बहुधा साठ दिवस खऱ्या झोपेविना होता. तालमीत त्याला थंडी वाजत होती, ओळखीच्या स्टेप्स आठवत नव्हत्या, याचा अर्थ तिथे लागतो.

मुलांना सांगा, पेशंट मागेल ते देणारा डॉक्टर नसतो, दुकानदार असतो.

काळा_कोट_नागपूर

पहिला प्रश्न माझ्याकडे.

सायलीताई, तुमचा राग समजतो, पण दोन ज्युरींना दोन वेगळे प्रश्न विचारले होते. २०११ मध्ये विचारलं: मरीच्या बेदरकारपणामुळे मायकल मेला का? २०१३ मध्ये मरी आरोपीच नव्हता, आरोप कंपनीवर होता, नेमणुकीतल्या निष्काळजीपणाचा. असा दावा जिंकायचा तर पायऱ्या चढाव्या लागतात. कंपनीने नेमलं, नेमलेला माणूस त्या कामाला अयोग्य होता, हे कंपनीला माहीत होतं किंवा असायला हवं होतं, आणि त्यातून नुकसान झालं. एक पायरी हुकली की खाली.

दुसऱ्या प्रश्नातले 'ज्या कामासाठी नेमलं' हे शब्द निर्णायक ठरले. कागदोपत्री काम काय? टूरमध्ये साधा वैद्यकीय सल्लागार. मरीकडे परवाने होते, वैद्यकीय निष्काळजीपणाचा ठपका त्यावर नव्हता. त्या कामापुरता तो योग्य, असं ज्युरीचं म्हणणं. रात्री प्रोपोफॉल देणं हे नेमलेलं कामच नव्हतं. निकालानंतर ज्युरीच्या प्रमुखाने बाहेर येऊन खुलासाही केला की तो नीतीने वागला असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही, प्रश्नात नीतीचा उल्लेख असता तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटतं, कारण आपण न्यायाधीशाचं सविस्तर निकालपत्र वाचायला सरावलोय. ज्युरी कारणं लिहीत नाही. छापील प्रश्नासमोर हो किंवा नाही, बस. कॅलिफोर्नियात दिवाणी दाव्यात बारापैकी नऊ जणांचं एकमत पुरतं. त्यामुळे प्रश्न कसा शब्दबद्ध करायचा यावरच वकिलांची खरी झुंज असते, आणि ती कॅथरीनबाईंच्या बाजूने हरली गेली असं मला वाटतं. मरी कामाला अयोग्य 'झाला' होता, दीड लाख डॉलरच्या हव्यासाने आणि कर्जाने, हा त्यांचा मुद्दा होता. छापील प्रश्नात त्याला जागा उरली नाही.

थेट मरीवर दिवाणी दावा का नाही, असं तुम्ही पुढे विचाराल. मायकलचे वडील जोसेफ यांनी लावला होता, नंतर मागे घेतला. डॉक्टरकडे वसूल करण्यासारखं काही नव्हतं. शिवाय वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात मानसिक दुःखाच्या भरपाईला कॅलिफोर्नियात १९७५ पासून अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. ती वाढली २०२३ मध्ये. बुडालेल्या कमाईला मर्यादा नाही, पण ती देणारा खिसा तर हवा. म्हणून कंपनी.

आपल्याकडचं थोडं सांगतो. डॉक्टरवर फौजदारी लावायची तर निष्काळजीपणा ढोबळ, घोर स्वरूपाचा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ ला सांगितलं. ग्राहक न्यायालयाचा रस्ता १९९५ पासून खुला आहे. आणि या सगळ्याच्या आधीचा, प्रत्येक वकिलाने अभ्यासलेला निकाल आपल्या मातीतला आहे: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, १९६८. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यात नेल्यावर पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड ओढलं, आणि त्याच दिवशी मुलगा गेला. भरपाई मिळाली ३,००० रुपये. वडिलांनी पंधरा वर्षं कोर्ट लढवलं ते तीन हजारांसाठी असेल का? डॉक्टरचं कर्तव्य काय, हे त्या निकालात लिहून ठेवलंय आणि आजही तोच परिच्छेद आम्ही कोर्टात वाचून दाखवतो.

विन्या_गिरगाव

मी पण अंधेरीला होतो आणि सायली, तुझ्याइतकंच माझंही प्रेम आहे. पण मला हा दावाच नको होता.

कोर्टाबाहेर सूर्यफुलं घेऊन उभे राहणारे चाहते मरीच्या वेळी एका आवाजात बोलत होते. एईजीच्या वेळी आपल्यात उभी फूट पडली. का? कारण कंपनीच्या वकिलांना स्वतःला वाचवण्यासाठी मायकललाच पिंजऱ्यात उभं करावं लागलं. त्याची औषधं, त्याची कर्जं, त्याच्या वेदना, सगळं मोठ्या पडद्यावर. थोरला मुलगा सोळाव्या वर्षी साक्षीला बसला आणि बापाला शेवटचं कसं पाहिलं ते सांगितलं. पोराने हे अनोळखी माणसांसमोर का सांगायचं?

आणि कंपनीचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. मरी मायकलला २००६ पासून लास वेगासमध्ये ओळखत होता. मुलांच्या आजारपणात आला आणि राहिला. लंडनला हाच डॉक्टर हवा, असं मायकलनेच सांगितलं. त्याला मायकलने निवडलं. काळा कोटसाहेबांचं उत्तर वाचून मला तरी ज्युरीचा राग येत नाही.

सायली_डोंबिवली

विन्या, निवडलं मायकलने हे मान्य. पण आजारी माणूस चुकीचा डॉक्टर निवडतो तेव्हा पगार देणाऱ्याने डोळे मिटायचे का? आठवडाभर आधी दिग्दर्शक केनी ऑर्टेगा लिहून कळवतोय की हा माणूस घाबरलाय, खंगलाय, याला मानसोपचाराची गरज आहे. लगेच बैठक झाली, आणि तिथे मायकलची तब्येत ठीक असल्याचं सांगणारा कोण, तर मरीच. त्याच्या एकट्याच्या शब्दावर सगळे निवांत झाले. त्या बैठकीत दुसरा डॉक्टर आणून बसवायला काय हरकत होती? माझी दुखरी नस तिथे आहे.

मुलाच्या साक्षीबद्दल तुझं बरोबर आहे. मलाही ती पुन्हा वाचवत नाही. पण कंपनीचे ईमेल बाहेर आले ते या दाव्यामुळेच. आई कोर्टात गेली नसती तर पगाराबद्दलचं ते ईमेल आपण कधी वाचलं असतं?

डॉक्टर, हनुवटी उचलण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी क्लासमधल्या मुलांना वाचून दाखवणार आहे. इतक्या साध्या गोष्टीने तो वाचू शकला असता, हे कोणी असं सांगितलंच नव्हतं.

तळेगावकर

मी कोरियन कंपनीत दुभाषाचं काम करतो. तिकडची एक घटना इथे सांगावीशी वाटते, कारण तिथे चाहत्यांनी आणि मित्रांनी वेगळं काही केलं.

शिन हे-चोल हा दक्षिण कोरियाचा रॉक गायक. १९८८ च्या कॉलेज गीत स्पर्धेतून पुढे आला, रात्रीचा रेडिओ कार्यक्रम चालवायचा, पोरं त्याला 'मावांग' म्हणजे सैतानांचा राजा म्हणायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये सोलमधल्या एका रुग्णालयात आतड्याच्या चिकटलेल्या भागाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोटात-छातीत दुखतंय, ताप आहे, म्हणून तो परत परत गेला. हृदय बंद पडल्यावर मोठ्या रुग्णालयात हलवलं. २७ ऑक्टोबरला गेला, वय ४६.

अंत्यविधीच्या दिवशी सहकारी संगीतकारांनी पत्रकारांसमोर उभं राहून शवविच्छेदनाची मागणी केली आणि दहन थांबवलं. नुसता हट्ट नव्हता तो. तपासणीत आतड्याला आणि हृदयाभोवतीच्या आवरणाला भोकं सापडली. दहन झालं असतं तर पुरावाच उरला नसता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आधी स्थगित शिक्षा झाली, अपिलात २०१८ मध्ये एक वर्षाचा प्रत्यक्ष तुरुंगवास झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दिवाणी दाव्यात कुटुंबाला एक अब्ज वॉनहून जास्त भरपाई मिळाली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते मधलं. कोरियात वैद्यकीय तंट्यासाठी मध्यस्थ संस्था होती, पण डॉक्टर किंवा रुग्णालय 'आम्ही येत नाही' म्हणालं की प्रकरण तिथेच बंद. उपचारांत बळी गेलेल्या इतर कुटुंबांची ही तक्रार आधीपासून होती, ऐकणारं कोणी नव्हतं. शिनच्या नावामुळे ऐकलं गेलं. २०१६ मध्ये कायदा बदलला: मृत्यू, महिनाभर किंवा त्याहून जास्त बेशुद्धी किंवा गंभीर अपंगत्व असेल तर रुग्णालयाच्या संमतीशिवाय मध्यस्थी सुरू होते. लोक त्याला शिन हे-चोल कायदाच म्हणतात. ज्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नाही असे लोक त्या कायद्याखाली दाद मागतात.

विन्या_गिरगाव

तळेगावकर, हे माहीत नव्हतं. दहन थांबवायला काय जिगर लागली असेल! घरचे आधीच कोसळलेले, दारात गर्दी, आणि त्यात मित्रांनी पुढे होऊन म्हणायचं की थांबा, तपासणी करा. मी असतो तर माझ्याच्याने झालं नसतं.

सायली_डोंबिवली

तळेगावकर, मनापासून आभार. आमच्या ग्रुपवर मायकल मोठा की कंपनी खोटी एवढंच चाललंय, त्यांना हे पाठवते.

काळा कोटसाहेब, शेवटचं एक. कॅथरीनबाईंनी अपील केलं का? आणि आपल्याकडे घरात असा मृत्यू झाला आणि डॉक्टरबद्दल शंका असेल, तर घरच्यांनी पहिल्या दिवशी काय करायचं? गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या बाबतीत हे झालं होतं आणि कोणालाच काही सुचलं नव्हतं.

काळा_कोट_नागपूर

केलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्याच बाजूने निकाल कायम केला.

दुसऱ्याचं उत्तर: अंत्यविधीच्या आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शवविच्छेदन मागा, कोरियातल्या त्या मित्रांनी केलं तेच. अर्जाची पोच घ्या. शक्यतो शवविच्छेदन दुसऱ्या, सरकारी रुग्णालयात आणि चित्रीकरणासह व्हावं, अशी विनंती त्याच अर्जात करा. रुग्णालयाकडे सगळे कागद लेखी मागा: केसपेपर, नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भुलीची नोंद. मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात. उरलेल्या औषधांच्या बाटल्या, सिरिंजा घरात असतील तर धुवू-पुसू नका, टाकू नका. त्या विद्यार्थिनीच्या घरच्यांना अजून दाद मागायची असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे वेळ गेलेली नाही. मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कागद पाहून सांगतो.